ऊन पाण्याचा जमाखर्च

मार्गशीर्ष-पौषातली पहाट आहे. बालाघाटच्या माथ्यावरचे नेकनूर घ्या, नाहीतर गोदाकाठचे राक्षसभुवन घ्या. थंडीने दोन्हीकडे हात आखडतात. तुम्ही गोधडीत असता तेव्हाच घरात कोणीतरी उठलेले असते. बहुधा ती आई असते किंवा आजी. चुलीत पऱ्हाट्या सरकवल्या जातात, धूर होतो, हंडा चढतो. कुठे गॅसवर पातेले चढते, कुठे बादलीत विजेची कॉइल सोडली जाते. मग हाक येते, "उठ, पाणी तापलंय!" तुम्ही न्हाणीत जाता, विसण घालता, चार तांब्यांत आंघोळ उरकता आणि शाळेला पळता.

विद्यार्थीमित्रांनो, त्या बादलीत नेमकी किती उष्णता होती, ती कुठून आली आणि तिची किंमत कोणी मोजली, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? आज आपण हाच हिशेब मांडणार आहोत. त्यासाठी सातवी-आठवीतला गुणाकार-भागाकार पुरेसा आहे.

थंड देशांत हिवाळ्याचा मोठा खर्च म्हणजे खोल्या उबदार ठेवण्याचा. ऑक्टोबर 1973 मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव पिंपाला सुमारे 3 डॉलरवरून 12 डॉलरच्या घरात गेला. घरे तेलावर तापवणाऱ्या देशांची तेव्हा मोठी तारांबळ उडाली. आपल्या बीड जिल्ह्यात खोल्या कोणी तापवत नाही. ते काम गोधडी करते, तेही फुकट! आपला हिवाळ्यातला उष्णतेचा खर्च म्हणजे मुख्यतः आंघोळीचे पाणी. हा खर्च वाढतच आला आहे. भारताला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस परदेशातून येतो. त्यामुळे तिकडचे भाव हलले की इकडे सिलिंडर हलतो. दिल्लीत जुलै 2020 मध्ये 594 रुपयांना मिळणारा 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर मार्च 2023 मध्ये 1,103 रुपयांवर पोहोचला होता. पुढे तो उतरला, पुन्हा चढला. भावावर आपला ताबा नाही. मग ताबा कशावर आहे? लागणाऱ्या उष्णतेवर.

एका घराचा हिशेब

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला जी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणतात. समजा, एका घरात पाच माणसे आहेत आणि प्रत्येकाला विसण घातल्यानंतर 15 लिटर पाणी लागते. म्हणजे एकूण 75 लिटर झाले. गच्चीवरच्या टाकीतले पाणी पहाटे 16 अंशांवर आहे आणि आंघोळीला 40 अंशांचे पाणी हवे आहे. म्हणजे तापमान 24 अंशांनी वाढवायचे आहे.

75 × 24 = 1,800 किलोकॅलरी.

ही झाली रोजची गरज. आता ही उष्णता निरनिराळ्या वाटांनी विकत घेऊन पाहू.

वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या एका किलोत सुमारे 3,600 किलोकॅलरी उष्णता असते. परंतु तीन दगडांच्या उघड्या चुलीत शंभरातले दहा भागच भांड्यात जातात. बाकीचे नव्वद भाग धूर, वारा आणि भिंती घेऊन जातात. म्हणजे किलोमागे हाती लागतात 360 किलोकॅलरी. 1,800 भागिले 360 म्हणजे रोज 5 किलो सरपण, महिन्याला दीड क्विंटल! हे दीड क्विंटल कोणाच्या डोक्यावरून घरात आले, ते तुम्हीच आठवा.

गॅसच्या एका किलोत सुमारे 11,000 किलोकॅलरी असतात आणि चांगल्या शेगडीवर शंभरातले 65 भाग कामी येतात. रोज पाव किलो गॅस लागेल, महिन्याला साडेसात किलो. म्हणजे निम्म्याहून अधिक सिलिंडर न्हाणीच्या मोरीतून वाहून जातो.

विजेचे एक युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी. त्यामुळे रोज दोन युनिटांपेक्षा थोडे अधिक, महिन्याला सुमारे 63 युनिटे लागतील. आता घरचे वीजबिल काढून पाहा. पहिल्या 100 युनिटांचा दर कमी असतो आणि त्यापुढच्या युनिटांचा बराच जास्त. ज्या घराचा वापर एरवी 80-90 युनिटांचा आहे, त्याची ही नवी युनिटे बहुतेक सगळी महाग दरात जाऊन पडतात.

पाणी तापते कॉइलवर, कोळसा जळतो परळीत

विजेबाबत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कॉइल पाण्यात बुडालेली असल्यामुळे तिची जवळजवळ सगळी उष्णता पाण्याला मिळते. पण वीज येते कुठून? आपल्याच जिल्ह्यात परळी वैजनाथला औष्णिक वीजकेंद्र आहे. 1971 पासून तेथे वीज तयार होत आली आहे. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेने जनित्र फिरवायचे, अशी ही रीत. या खटाटोपात कोळशातल्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भागच विजेत उतरतो. पुढे तारांतही थोडी गळती होतेच. तेव्हा घरात 1,800 किलोकॅलरी मिळवण्यासाठी केंद्रात सुमारे 6,000 किलोकॅलरींचा कोळसा जाळावा लागतो. आपल्याकडच्या कोळशाचा हिशेब धरला तर तो होतो दीड किलोच्या आसपास.

उष्णतेची वीज करायची आणि त्या विजेची पुन्हा उष्णता करायची, हे ज्वारी विकून भाकरी विकत घेण्यासारखे आहे! शिवाय अशा केंद्राला पाणीही भरपूर लागते. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले होते. विजेवर पंखा चालवा, दिवा लावा, अभ्यास करा. पण नुसते पाणी कोमट करायला ती खर्चण्यापूर्वी दुसरी वाट आहे का, हे पाहायला हवे.

जमिनीच्या पोटातली ऊब

पहिली वाट पायाखालीच आहे. थंडीच्या पहाटे विहिरीतून वाफा निघताना तुम्ही पाहिल्या असतील. हातपंपाचे पाणी तेव्हा हाताला कोमट लागते आणि तेच पाणी उन्हाळ्यात गार लागते. पाणी बदलते का? नाही. बदलते ती बाहेरची हवा.

माती आणि खडक हे उष्णतेचे मंद वाहक आहेत. वैशाखाचे ऊन आणि पौषाचा गारठा जमिनीत खोलवर पोहोचेपर्यंत विरून जातात. दहा-बारा मीटर खाली गेले की तापमान वर्षभर जवळपास एकसारखे राहते आणि ते त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असते. आपल्या भागात ते 25-26 अंशांच्या घरात भरते. बीड शहराच्या दक्षिणेची, सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळी बांधलेली खजाना बावडी तुम्ही सहलीत पाहिली असेल. तिच्यात भुयारांतून पाणी येते ते याच भूगर्भातून.

उलट गच्चीवरच्या टाकीचे पाहा. आपला जिल्हा समुद्रापासून दूर, हिवाळ्यात हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र. रात्री जमीन, पत्रे, टाक्या आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे सोडत राहतात. ती अडवायला ढगांचे पांघरूण नसते. म्हणूनच दुपारी 28-30 अंश असणारा पारा पहाटे कधी कधी 10 अंशांपर्यंत घसरतो. रात्रभर अशा आभाळाखाली उघडी पडलेली टाकी गारठणारच.

आता आपला गुणाकार पुन्हा करू. टाकीतल्या 16 अंशांच्या पाण्याऐवजी पहाटे ताजे उपसलेले 26 अंशांचे पाणी घेतले तर तापमान 24 नव्हे, केवळ 14 अंशांनी वाढवावे लागेल.

75 × 14 = 1,050 किलोकॅलरी.

म्हणजे 750 किलोकॅलरी वाचल्या, शंभरात 42! सरपणावर तापवणाऱ्या घरात महिन्याला सुमारे 60 किलो पऱ्हाट्या वाचतील आणि गॅसवर तापवणाऱ्या घरात 3 किलो गॅस. विसणही त्याच पाण्याचे घ्यायचे, हे मात्र विसरू नका. ज्यांच्याकडे विहीर किंवा बोअर नाही आणि नळाचे पाणी काही दिवसांआड येते, त्यांनी गच्चीवरच्या टाकीऐवजी जमिनीखालच्या हौदातले पाणी काढावे. ते विहिरीइतके ऊबदार नसले तरी टाकीपेक्षा बरे असते.

झाकण, काजळी आणि क्षार

दुसरी वाट त्याहून सोपी, ती म्हणजे झाकण. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते साडेपाचशेच्या आसपास किलोकॅलरी सोबत घेऊन जाते. वरच्या हिशेबात एका माणसाच्या आंघोळीला 360 किलोकॅलरी लागत होत्या. म्हणजे उघड्या हंड्यातून लिटरभर पाणी वाफ होऊन गेले, तर दीड माणसाची आंघोळ हवेत गेली!

पाणी उकळेपर्यंत तापवून मग त्यात भरपूर विसण घालायचे, ही अनेक घरांची सवय आहे. वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा जितकी अधिक तापलेली, तितक्या वेगाने ती उष्णता गमावते. म्हणून पाणी हाताला सोसणार नाही एवढे तापले की पुरे. आणि ते तापण्याची वेळ आणि आंघोळीची वेळ यांत तासाभराचे अंतर ठेवू नये. एकामागून एक सगळ्यांनी आंघोळ उरकावी. हाक आल्यावर गोधडीत लोळत पडणाराही इंधन जाळत असतो!

हंड्याच्या बुडाशी बाहेरून काजळीचा आणि आतून क्षारांचा थर बसतो. दोन्ही उष्णतेचे दुर्वाहक. आपल्या भागातल्या बऱ्याच बोअरचे पाणी जड, म्हणजे दुष्फेन असते. त्यामुळे कॉइलवर पांढरी पुटे चढतात. आजी हंड्याला बाहेरून मातीचा हात देते, तो काजळी चटकन निघावी म्हणून. आतली पुटे काढायला चिंचेचा कोळ किंवा लिंबू चालते. आम्लात हे क्षार विरघळतात. कॉइल साफ करताना मात्र ती खटक्यातून काढलेली आणि थंड झालेली असावी.

आता चुलीकडे पाहू. उघड्या चुलीची उष्णता वारा पळवतो, म्हणून तिला तीन बाजूंनी मातीचा आडोसा हवा. जुना तांब्याचा बंब या बाबतीत मोठा हुशार. त्याच्या मध्यभागी नळी असते, विस्तव त्या नळीत आणि पाणी तिच्या भोवती. त्यामुळे ज्वाळेला आणि धुरालाही पाण्याला उष्णता देतच वर जावे लागते. बंब बनवणाऱ्या तांबटाने उष्मागतिकीचे पुस्तक वाचले नव्हते, पण तिचा मर्म त्याने ओळखला होता.

उन्हाची पेटी

तिसरी वाट डोक्यावर आहे. बीड सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 22 डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीसुद्धा, दुपारी सूर्य दक्षिण क्षितिजापासून साधारण साडेसत्तेचाळीस अंश वर असतो. आभाळ स्वच्छ असते. दक्षिणेकडे कललेल्या एक चौरस मीटर जागेवर अशा दिवशी सुमारे 5 युनिटे ऊर्जा पडते, म्हणजे 4,300 किलोकॅलरी.

ही ऊर्जा पकडायची कशी? 1767 मध्ये स्वित्झर्लंडच्या होरास-बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञाने काचेची झाकणे असलेली उष्णपेटी बनवली. काच ऊन आत येऊ देते, पण आतल्या तापलेल्या पृष्ठभागाचे प्रारण सहजी बाहेर सोडत नाही. त्याच्या सुधारलेल्या पेटीत तापमान 100 अंशांच्या पुढे गेले. 1891 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने काळ्या रंगाच्या पाण्याच्या टाक्या अशाच पेटीत ठेवून त्याचे पेटंट घेतले. दुपारी पाणी छान तापे, पण रात्री गारठून जाई. हा दोष 1909 मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली याने काढला. त्याने पाणी तापवायची पेटी आणि साठवायची टाकी वेगळी केली आणि टाकीभोवती उष्णतारोधक गुंडाळले. म्हणजे टाकीला गोधडीच घातली म्हणा ना! गोधडी ऊब निर्माण करत नाही. तिच्या थरांत अडकलेली हवा असलेली ऊब बाहेर जाऊ देत नाही.

आज गच्च्यांवर दिसणारे सौर बंब याच तत्त्वावर चालतात. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते, गार पाणी खाली उतरते आणि पंपाशिवाय अभिसरण सुरू राहते. दोन चौरस मीटरच्या संचावर दिवसाला 8,600 किलोकॅलरी पडतात. त्यातला निम्मा भाग मिळाला तरी 4,300 झाल्या. शंभर लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला लागतात 4,000. पाच माणसांची आंघोळ होऊन वर भांड्यांनाही पाणी उरते.

मग सगळ्यांनी सौर बंब का बसवू नये? एक तर सुरुवातीची किंमत मोठी. दुसरे, जड पाण्याचे क्षार त्याच्या नळ्यांतही साचतात. तिसरे म्हणजे, वीस मीटर लांब नळीत दोन-अडीच लिटर गार पाणी अडकलेले असते आणि गरम पाणी येईपर्यंत ते सोडून दिले जाते. टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात हे परवडणारे नाही. नळाखाली बादली ठेवा, तेच पाणी विसणाला घ्या.

ज्यांना एवढा खर्च झेपणार नाही त्यांनाही केम्पची युक्ती मोकळी आहे. बाहेरून काळा केलेला हंडा झाकण घालून दुपारभर उन्हात ठेवा. सूर्य कलताच तो घरात आणा आणि जुन्या गोधडीत किंवा भुश्याने भरलेल्या पेटीत गुंडाळून ठेवा. सकाळी पाणी पुरेसे गरम नसले तरी टाकीच्या पाण्यापेक्षा दहा अंशांनी जरी वर राहिले, तर केवढी बचत होईल ते आपण पाहिलेच आहे.

जिवावर बेतणारी बचत नको

इथे एक सावधगिरीची गोष्ट. थंडी वाजते म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. झरोका नसलेल्या न्हाणीत गॅसचा गीझर लावू नये. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. माणसाला गुंगी येते आणि ओरडायचीही शुद्ध राहत नाही. झरोक्यातून थोडी ऊब गेली तरी चालेल, पण तो उघडा हवाच. विजेची कॉइल बादलीत असताना पाणी तापले का ते बोटाने पाहू नका. आधी खटका बंद करा, पिन काढा, मग हात घाला. लहान भावंडांना तेथून दूर ठेवा.

कोपीवरचे पाणी

या मासिकाच्या वाचकांपैकी काहींचे आईवडील दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेले असतील. आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि ऐन थंडीचे महिने उसाच्या फडाशेजारी कोपीत काढतात. तेथे गॅस नाही, गच्ची नाही. तीन दगड, पाचट आणि सरपण एवढेच. बाई अपरात्री उठते, तीच पाणीही तापवते. चुलीच्या तीन बाजूंना मातीचा आडोसा, हंड्यावर झाकण आणि पहाटे ताजे उपसलेले विहिरीचे पाणी, या तिन्ही गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. पण फड तोडून आल्यावर सरपणासाठी करावी लागणारी एक खेप त्यांनी वाचू शकते. सुट्टीत तिकडे गेलात, तर हा आडोसा तुम्ही स्वतः बांधून द्या.

हे करून पाहा

पहिला प्रयोग: शाळेतला तापमापक घ्या. पहाटे सहा वाजता टाकी, हौद, हातपंप आणि विहीर यांतल्या पाण्याचे तापमान मोजा. हातपंपाचे पहिल्या पाच मिनिटांचे पाणी दुसऱ्या कामाला घ्या, मग मोजा. आठवडाभर नोंदी ठेवा आणि आलेख काढा.

दुसरा प्रयोग: सारख्याच दोन पातेल्यांत दोन-दोन लिटर गरम पाणी घ्या. एकावर झाकण ठेवा, दुसरे उघडे ठेवा. अर्ध्या तासाने दोन्हींचे तापमान मोजा आणि प्रत्येकाने किती किलोकॅलरी गमावल्या ते काढा.

तिसरा प्रयोग: सारखे दोन डबे बाहेरून काळे करा, पाणी भरून झाकण लावा आणि दुपारभर उन्हात ठेवा. संध्याकाळी एक तसाच ठेवा, दुसरा गोधडीत गुंडाळा. पहाटे दोन्हींचे तापमान मोजा.

शिक्षकांना विनंती अशी, की या नोंदी वर्गात एकत्र करून गावाचा तक्ता तयार करावा. आपल्या गावात कोणते पाणी पहाटे सर्वांत ऊबदार असते, हे गावकऱ्यांना सांगायला तो उपयोगी पडेल.

आपल्या मराठीत गरम पाण्यालाही ऊन म्हणतात आणि सूर्यप्रकाशालाही ऊनच. शब्द जोडणाऱ्यांनी दोघांचे नाते फार पूर्वी ओळखले असावे. उद्या पहाटे हाक आली की लगेच उठा, एक घागर विहिरीवरून किंवा हातपंपावरून तुम्ही स्वतः भरून आणा आणि हंड्यावर झाकण ठेवा. मग चुलीत रोजच्यापेक्षा किती पऱ्हाट्या कमी लागल्या, ते आईला मोजायला सांगा.